ट्रफलचं कल्चर आणि रोपांचं इनॉक्युलेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रफल म्हणजे झाडांच्या मुळांजवळ जमिनीखाली धरणारं, खाण्याजोगं बुरशीचं फळ. रोपाच्या मुळांवर ही बुरशी मुद्दाम बसवणं म्हणजे इनॉक्युलेशन. ट्रफलच्या रोपवाटिकेबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मशरूम पिकवून हात बसलेल्यांनी पहिले दोन प्रश्न वगळू नयेत, कारण मशरूमच्या बऱ्याच सवयी इथे उलट्या पडतात.

ऑइस्टर मशरूमसारखं पिशवीत ट्रफल पिकवता येतं का?

नाही. ऑइस्टर काडाचा भुसा खाऊन जगतं. ट्रफलच्या बुरशीला भुसा, लाकूड किंवा धान्य नीट पचवताच येत नाही. तिला लागणारी साखर जिवंत झाडाच्या मुळांकडून मिळते, आणि त्या बदल्यात ती झाडाला पाणी, फॉस्फरस वगैरे पुरवते. या जोडणीला मायकोरायझा म्हणतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रँक यांनी १८८५ मध्ये तिचं वर्णन केलं. गंमत म्हणजे प्रशियाच्या सरकारनं त्यांना विचारलं होतं ते एवढंच, की ट्रफलची लागवड करता येईल का. लागवड राहिली बाजूला आणि मुळांचं एक अख्खं शास्त्र उभं राहिलं.

म्हणून ट्रफल पिकवायचं म्हणजे आधी झाडाची मुळं त्या बुरशीनं व्यापून घ्यायची आणि मग ते झाड शेतात लावायचं. मधली पायरी नाही.

मग "कल्चर" म्हणजे नक्की काय?

या नावाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टी मागतात. एक म्हणजे पिकलेलं ट्रफल वाटून केलेली बीजाणूंची स्लरी. दुसरी म्हणजे पेट्री डिशमध्ये आगरवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) वाढवलेलं शुद्ध बुरशीजाल. जगभरात विकली जाणारी बहुतेक ट्रफल-रोपं पहिल्या पद्धतीची असतात. १९७० च्या दशकात फ्रान्स आणि इटलीत बीजाणू लावलेल्या रोपांचं उत्पादन सुरू झालं आणि मूळ पद्धत आजही तीच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो: रोपं तयार करणं हा हेतू असेल तर स्लरीनं सुरुवात करा. शुद्ध कल्चर हे संशोधनाचं काम आहे. ट्रफल कोणत्या जातीचं आहे हे पारखणं आणि मुळं स्वच्छ ठेवणं, खरी अडचण या दोन ठिकाणी येते. बुरशी प्लेटवर किती वेगानं वाढते याचा या अडचणीशी फारसा संबंध नाही.

कोणती जात निवडावी?

जागेची माती आणि हवामान पाहून ठरवा, बाजार पाहून नव्हे. काळं ट्रफल, म्हणजे ट्यूबर मेलॅनोस्पोरम, चुनखडीची, निचऱ्याची, साधारण ७.५ ते ८.३ सामू (pH) असलेली जमीन मागतं, शिवाय गरम उन्हाळा आणि खरा हिवाळा. ट्यूबर एस्टिव्हम, ज्याला उन्हाळी किंवा बर्गंडी ट्रफल म्हणतात, त्याला थोडी सावली आणि ओलावा चालतो. ट्यूबर बोर्की सगळ्यांत सोशीक आहे. सामू उदासीनाच्या आसपास असला तरी ते जुळवून घेतं आणि पाइनच्या मुळांवरही बसतं. पहिल्यांदा हात आजमावणाऱ्यानं बोर्की घ्यावं. भाव कमी मिळतो, पण यश दिसतं.

हिवाळाच नसलेल्या उष्ण सखल प्रदेशात यांपैकी काहीही लावू नका. तिथे मुळांवर बुरशी बसवता येईल, फळ धरणार नाही.

झाडं कोणती?

ओकच्या अनेक जाती आणि हेझल ही नेहमीची. हेझलला तंतुमुळं भरपूर आणि लवकर फुटतात, त्यामुळे बुरशी पटकन लागते. ओक सावकाश चालतो, पण दीर्घकाळ टिकतो. बोर्कीसाठी पाइन चालतं. उत्तर अमेरिकेतल्या ट्यूबर लायोनीला पेकानची झाडं मानवतात. सफरचंद, आंबा, लिंबू अशी फळझाडं उपयोगाची नाहीत. त्यांच्या मुळांवर वेगळ्या प्रकारचा मायकोरायझा असतो.

स्लरी कशी तयार करायची?

सुरुवात ट्रफलच्या निवडीपासून होते, आणि अर्धी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. पूर्ण पिकलेली, कडक, ताजी फळं घ्या. एकच मोठं फळ घेण्यापेक्षा वेगवेगळ्या झाडांखालची अनेक लहान फळं बरी. त्यानं आनुवंशिक विविधता येते. दिसायला वेडीवाकडी, दुय्यम दर्जाची चालतील. कुजलेली किंवा अळी पडलेली नकोत.

प्रत्येक फळ ब्रशनं पाण्याखाली घासा, साल पातळ सोलून काढा आणि आतला गर कापून पाहा. मग प्रत्येक फळाचा, हो, प्रत्येकाचा, टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा काचपट्टीवर थेंबभर पाण्यात दाबून मायक्रोस्कोपखाली ४०० पटीनं बघा. मेलॅनोस्पोरमचे पिकलेले बीजाणू गडद तपकिरी, लंबगोल आणि अंगभर आखूड काटे असलेले दिसतात. बीजाणू ज्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये तयार होतात, त्यांतल्या एका पिशवीत साधारण एक ते सहा असतात. एस्टिव्हमच्या बीजाणूंवर काटे नसतात, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते. मेलॅनोस्पोरममध्ये मिसळून येऊ शकणारी दुसरी जात म्हणजे ट्यूबर ब्रुमाले. तिचे काटे अधिक लांब आणि विरळ असतात. फिकट, अर्धपारदर्शक बीजाणू जास्त दिसले तर ते फळ कच्चं आहे, बाजूला ठेवा.

सगळ्यांत धोक्याचं आहे ट्यूबर इंडिकम. बाहेरून ते हुबेहूब मेलॅनोस्पोरमसारखं दिसतं, स्वस्त असतं आणि ढिगात मिसळून येतं. इटलीतल्या एका मेलॅनोस्पोरमच्या लागवडीत इंडिकम सापडल्याचं संशोधकांनी २००८ मध्ये नोंदवलं. बीजाणू बघून शंका आली तर डीएनए चाचणी करून घ्या. चाचणीला पैसे लागतात, पण दहा वर्षं चुकीचं झाड सांभाळण्यापेक्षा ते कमीच.

पारखलेला गर निर्जंतुक पाण्यात घालून मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं. गुठळ्या राहू देऊ नका, कारण बीजाणू त्यातच अडकून बसतात. बारीक चाळणीतून गाळलं की स्लरी तयार. काही जण बाइंडर म्हणून थोडं आगर किंवा जेल घालतात, म्हणजे बीजाणू मुळाला चिकटून राहतात. ते ऐच्छिक आहे.

एका रोपाला किती स्लरी द्यायची?

रोपवाटिकांमध्ये रोपामागे एक ते तीन ग्रॅम ताजं ट्रफल असा हिशेब चालतो. त्याहून चांगलं म्हणजे बीजाणू मोजणं. रक्तपेशी मोजायची काचपट्टी, हिमोसायटोमीटर, वापरा. तिच्या मोठ्या चौकोनात ०.१ घन मिलिमीटर द्रव मावतो, म्हणून चौकोनातली सरासरी गुणिले १०,००० केलं की एका मिलिलिटरमधले बीजाणू कळतात. समजा, सरासरी २० आली. म्हणजे मिलिलिटरला २ लाख. रोपाला १० लाख बीजाणू द्यायचे असतील तर ५ मिलिलिटर स्लरी पुरेल. पिशवीच्या आत असलेले बीजाणूही मोजायचे. आकडा १० लाख ते १ कोटी यांच्यामध्ये ठेवा. त्यापुढे जास्त ओतून तेवढा फायदा होत नाही.

ट्रफलचे बीजाणू जड असतात, भांड्याच्या तळाशी पटकन बसतात. ढवळत राहिलं नाही तर पहिल्या रोपांना नुसतं पाणी आणि शेवटच्यांना सगळा गाळ मिळतो.

स्लरी किंवा ट्रफल साठवून ठेवता येतं का?

येतं. गराचे तुकडे वाळवून किंवा फ्रीझरमध्ये ठेवून पुढच्या हंगामापर्यंत वापरता येतात, कारण बीजाणूंचं कवच जाड असतं. पाण्यातली स्लरी मात्र फ्रिजमध्ये थोडेच दिवस ठेवा. तिच्यात बॅक्टेरिया झपाट्यानं वाढतात.

बीजाणू आगरवर टाकून उगवून घेता येतील का?

जवळजवळ नाहीच. जंगलात प्राणी ट्रफल खातात आणि बीजाणू त्यांच्या आतड्यातून बाहेर पडतात. मुळाजवळ पोचल्यावर ते आपल्या गतीनं रुजतात. नुसत्या माध्यमावर ते आठवडेच्या आठवडे तसेच पडून राहतात. म्हणूनच शुद्ध कल्चर हवं असेल तर ते गरातल्या जिवंत तंतूंपासून किंवा मायकोरायझाच्या टोकापासून घ्यावं लागतं.

शुद्ध कल्चर घेण्याची रीत काय?

फळ ताजं हवं, आणि या कामासाठी पिकायच्या थोडं आधीचं असलेलं बरं. पूर्ण पिकलेल्या फळात बीजाणूच जास्त आणि जिवंत तंतू कमी असतात. लॅमिनार हूडखाली (गाळलेल्या, जंतुरहित हवेच्या कपाटात) फळाची साल अल्कोहोलनं पुसा, ज्योतीवरून झटकन न्या आणि फळ कापण्याऐवजी हातानं मोडा. सुरी सालीवरचे जंतू आत ओढते. मोडलेला भाग आतून अस्पर्श राहतो. मधल्या भागातला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा निर्जंतुक चिमट्यानं उचलून माध्यमावर ठेवा. दहा-बारा तुकडे ठेवू नका, पन्नासेक ठेवा. बरेचसे जाणारच.

जाण्याचं कारण असं, की ट्रफलचं फळ आतून निर्जंतुक नसतं. ब्रॅडीरायझोबियमसारखे बॅक्टेरिया त्यात वस्तीलाच असतात. म्हणून पहिल्या माध्यमात अँटिबायोटिक लागतं.

माध्यम म्हणून सुधारित मेलिन-नॉरक्रान्स बहुतेक जण वापरतात. लिटरला १० ग्रॅम ग्लुकोज, ३ ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्ट, ०.५ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ०.२५ ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट, ०.१५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड, मीठ आणि लोह, थोडं थायामिन, १५ ग्रॅम आगर. इतर बुरशींसाठी सामू ५.५ च्या आसपास ठेवतात. ट्रफलसाठी तो ६.५ ते ७ वर आणा. १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा), अँटिबायोटिक माध्यम कोमट झाल्यावरच घाला, आणि प्लेटा २० ते २४ अंशांवर अंधारात ठेवा.

माझ्या प्लेटवर चार दिवसांत पांढरी दाट वाढ आली. जमलं?

नाही. फेकून द्या. चार दिवसांत प्लेट झाकणारी बुरशी ट्रायकोडर्मा, पेनिसिलियम किंवा तत्सम असते. ट्रफलचे पहिले तंतू दिसायलाच आठवडे लागतात, आणि मेलॅनोस्पोरमची कॉलनी महिनाभरात काही मिलिमीटर पसरली तरी समाधान मानावं. बोर्की जरा बरं चालतं.

वाढ संथ आहे एवढ्यावरून ती ट्रफलचीच असंही समजू नका. ट्रफलच्या तंतूंना आडवे पडदे असतात, पण जोडांवर क्लॅम्प, म्हणजे दोन पेशींना बाहेरून जोडणारे लहान फुगवटे, नसतात. क्लॅम्प दिसले तर ती दुसऱ्याच गटातली बुरशी. शेवटचा निकाल आयटीएस भागाच्या, म्हणजे बुरशीची जात ओळखायला वापरतात त्या तुकड्याच्या, डीएनए क्रमाचा.

शुद्ध कल्चर मिळालं. आता त्यावरून हजारो रोपं करायला काय हरकत आहे?

हरकत लिंगाची आहे. मेलॅनोस्पोरमचा जनुकसंच २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच सुमारास स्पष्ट झालं, की या बुरशीत दोन मेटिंग टाइप असतात आणि फळ धरायला दोन्ही लागतात. ट्रफलचा गर हा पूर्णपणे एका "आई"च्या तंतूंचा असतो. "वडिलां"चा वाटा फक्त बीजाणूंमध्ये असतो. गरापासून घेतलेल्या कल्चरमध्ये म्हणूनच एकच मेटिंग टाइप येतो. अशा एकाच कल्चरवर बाग उभी केली तर मुळं छान व्यापली जातील, तपासणीत झाडं उत्तीर्ण होतील, आणि बाग वांझ राहील.

स्लरीत हा प्रश्न आपोआप सुटतो, कारण बीजाणूंमध्ये दोन्ही टाइप असतात. कल्चरच वापरायचं असेल तर पीसीआरनं (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून ओळखणाऱ्या चाचणीनं) प्रत्येक कल्चरचा टाइप ठरवा आणि विरुद्ध टाइपची कल्चर जोडीनं सांभाळा. हे अशक्य नाही. बोर्कीच्या शुद्ध कल्चरनं इनॉक्युलेट केलेल्या झाडांखाली फळं आल्याचं इटलीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. कल्चर पुन्हा पुन्हा नव्या प्लेटवर हलवत राहिलं तर मुळावर बसायची त्याची ताकद कमी होऊ शकते, हेही ध्यानात ठेवा.

बी आणि कुंडीतलं माध्यम कसं तयार करावं?

ओकचं बी पाण्यात टाका, तरंगणारं काढून टाका. बुडालेलं सोडियम हायपोक्लोराइट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात बुडवून स्वच्छ धुवा. हेझलच्या बियांना रुजण्याआधी ओलसर थंडीचा काळ द्यावा लागतो. बी आधी निर्जंतुक व्हर्मिक्युलाइटमध्ये (हलक्या, पाणी धरणाऱ्या खनिजात) रुजवा.

कुंडीतल्या माध्यमासाठी पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर), व्हर्मिक्युलाइट आणि परलाइट (फुलवलेला हलका खनिज खडा) यांचं मिश्रण चालतं. पीट आम्लधर्मी असतं, त्यामुळे कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड मिसळून सामू ७.५ च्या वर न्यावा लागतो. पूड मिसळल्या दिवशीचा सामू खरा धरू नका. मिश्रण ओलं करून दोन आठवडे ठेवा आणि मग मोजा. माध्यम वाफेवर दोनदा, मध्ये एक दिवस सोडून, निर्जंतुक केलेलं उत्तम. कुंडी खोल हवी आणि तिच्या आतल्या बाजूला उभ्या कडा हव्यात, नाहीतर मुळं गोल गोल फिरतात.

स्लरी कधी आणि कशी द्यायची?

सोटमूळ नव्हे, बाजूची बारीक मुळं फुटली की. साधारण दोन-तीन महिन्यांचं रोप व्हर्मिक्युलाइटमधून हलक्या हातानं उपटा, सोटमुळाचं टोक छाटा, मुळं स्लरीत बुडवा आणि उरलेली स्लरी लावताना मुळांभोवतीच ओता. वरून कुंडीत शिंपडलेली स्लरी वरच्या थरातच अडकते. पुढचे सहा ते बारा महिने काचघरात जातात. माध्यम ओलसर हवं, चिखल नको. दोन पाण्यांच्या मध्ये वरचा थर किंचित सुकू द्या, बुरशीलाही हवा लागते.

खत?

फार थोडं. विशेषतः फॉस्फरस हात राखून द्या. तो झाडाला आयता मिळाला की बुरशीला साखर देण्याची गरज झाडाला उरत नाही. पानं हिरवीगार आणि मुळं कोरी, असं रोप खतावर पोसलेलं असतं. बुरशीनाशक फवारायचं झालं तर ते मुळांपर्यंत जाणारं नको.

मुळांवर ट्रफलच लागलं हे कसं ओळखायचं?

सहा महिन्यांनंतर काही रोपं कुंडीबाहेर काढा, मुळं पाण्यात सोडवा आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघा. बुरशी लागलेलं टोक जाडसर, आखूड, गोलसर असतं आणि त्यावर मूलरोम दिसत नाहीत. मेलॅनोस्पोरमचं टोक अंबर ते तपकिरी रंगाचं असतं. असं एक टोक काचपट्टीवर दाबून मोठ्या मायक्रोस्कोपखाली न्या. वरच्या आवरणातल्या पेशी जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांसारख्या एकमेकींत अडकलेल्या दिसतात. ब्रुमालेतही त्या तशाच दिसतात, म्हणून आवरणातून बाहेर येणारे केस बघावे लागतात. मेलॅनोस्पोरमचे केस जवळपास काटकोनात फुटलेले असतात. ब्रुमालेचे राठ आणि सरळ. बोर्कीचे सुईसारखे टोकदार. एस्टिव्हमचे लांब, पिवळसर आणि कुरळे, लोकरीसारखे.

मग मोजणी. मुळाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून नमुने घ्या, एकूण टोकं मोजा, त्यांतली ट्रफलची किती, परक्या बुरशीची किती आणि कोरी किती हे लिहा. नुसत्या वरच्या भागातली मोजली तर आकडा फुगतो. अधूनमधून काही टोकांची डीएनए चाचणी करा.

कुंडीच्या पृष्ठभागावर तपकिरी-नारिंगी बारीक वाट्या उगवल्या आहेत. हे काय?

बहुतेक स्फेरोस्पोरेला ब्रुनिया ही परकी बुरशी. निर्जंतुक केलेलं, ओलं माध्यम तिला फार आवडतं, आणि हेझल-ओकच्या मुळांवर ती ट्रफलच्या आधी जागा पकडते. तिचे बीजाणू हवेतून येतात, म्हणून एका बाकावर दिसली की शेजारच्या कुंड्याही तपासा. वाट्या असलेल्या कुंड्या काचघराबाहेर काढा, पाणी कमी करा, हवा खेळती ठेवा. थेलेफोरा टेरेस्ट्रिस ही दुसरी नेहमीची पाहुणी. परक्या बुरशीनं बरीच मुळं घेतलेलं रोप वाचवायच्या भरीस पडू नये. ते शेतात गेल्यावर सुधारत नाही.

जुन्या ट्रफलच्या झाडाखालची माती किंवा मुळं वापरली तर?

ट्रफलची लागवड अशाच युक्तीनं सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये व्होक्लूझ भागातल्या जोसेफ तालों यांनी ट्रफल देणाऱ्या ओकखालची बियांची रोपं दुसरीकडे लावली आणि त्यांच्या खाली ट्रफल मिळालं. पण त्या मातीबरोबर ब्रुमाले, इतर बुरशी, सूत्रकृमी आणि रोगही येतात. आज रोपवाटिकेत हे करू नये.

पांढऱ्या ट्रफलची रोपं मिळतात का?

पांढऱ्या ट्रफलची, म्हणजे ट्यूबर मॅग्नाटमची, रोपं करणं फार काळ जमत नव्हतं. त्याच्या जागी बोर्की लागलेली रोपं विकली जाण्याचे प्रकारही झाले, कारण दोन्हींची फळं कच्ची असताना सारखी दिसतात. फ्रान्समधल्या आयएनआरएई या कृषी संशोधन संस्थेनं एका रोपवाटिकेबरोबर डीएनएनं तपासलेली रोपं तयार केली, आणि या ट्रफलच्या मूळ प्रदेशाबाहेर लावलेल्या झाडांखाली फळं मिळाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. फळं मोजकीच होती. म्हणून मॅग्नाटमचं रोप डीएनए अहवालाशिवाय घेऊ नका.

लावल्यानंतर फळ कधी?

काळ्या ट्रफलला साधारण पाच ते दहा वर्षं. दक्षिण गोलार्धात पहिली मेलॅनोस्पोरम फळं न्यूझीलंडमध्ये गिस्बर्नजवळ १९९३ मध्ये मिळाली, ऑस्ट्रेलियात टास्मानियात १९९९ मध्ये. दोन्हीकडे जमीन मुळात आम्लधर्मी होती आणि टनांवारी चुना घालावा लागला होता. बुरशी लागलेलं चांगलं रोप चुकीच्या मातीत लावलं तर स्थानिक बुरशी काही वर्षांत ट्रफलला हुसकावून लावते.

झाडं मोठी झाल्यावरही बीजाणूंचं काम संपत नाही. एका झाडाभोवती हळूहळू एकाच मेटिंग टाइपचं राज्य होतं, आणि जोडीदार मिळेनासा होतो. स्पेनमधले शेतकरी झाडाभोवती लहान खड्डे घेतात, त्यात पीट, व्हर्मिक्युलाइट आणि बीजाणूंचं मिश्रण भरतात. त्या खड्ड्यांमध्येच ट्रफल जास्त मिळतं असा त्यांचा अनुभव आहे. त्या मिश्रणासाठी वापरायचं ट्रफलही पहिल्याइतकंच मायक्रोस्कोपखाली पारखलेलं हवं.

परदेशातून ट्रफल किंवा रोपं मागवली तर चालतील?

आधी वनस्पती-विलगीकरणाचे नियम पाहा. मातीसह रोप आणायला बहुतेक देश मनाई करतात किंवा कडक अटी घालतात, आणि खायला आणलेलं ट्रफल लागवडीसाठी वापरणं ही वेगळी परवानगी असू शकते. परवाना हातात आल्यावरच बियाणं रुजत घाला, कारण रोपं तयार असताना ट्रफल विलगीकरणात अडकलं तर तो हंगाम गेला.